फरारी माणसाची शिदोरी

सारी-काया, २४ जानेवारी १९९८

तिलेकच्या बाबांना बुरुलचा सलाम.

हाडामांसाने धड आहात ना? इकडे मेंढ्या धड आहेत, गाय आटली आहे, आईंचा गुडघा तेवढा कुरकुरतो. हे पत्र मी तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्ही तिथे असलात तर वाचा. नसलात तर पत्रं तपासणाऱ्या साहेबांनी वाचावं. आणि साहेब, मला काही माहीत नाही, मी कुणाला पाहिलं नाही, आमच्या घरात कुणीही लपलेलं नाही.

सोमवारी तुमची तारीख होती, ते तुम्हाला आठवत असेलच. सादिरने त्याची मिनीबस दोन फेऱ्या मारून गाव कोर्टात आणून टाकलं. आईंनी लग्नातला पांढरा रुमाल बांधला होता. मी निळा कोट घातला, तिलेकला नवे बूट घातले. सगळे रांगेत बसलो, आरोपीच्या पिंजऱ्याकडे डोळे लावून. पुकारा झाला आणि पिंजरा रिकामा! न्यायाधीशबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "आरोपी कुठे आहे?" कारकून म्हणाला, "आणलेला नाही. तुरुंगाचा फोन लागत नाही." बाईंनी पुढची तारीख दिली, दोन मार्च. तोवर कोठडी वाढवली. मी उठून म्हटलं, "बाई, माणूसच नाही तर कोठडी कुणाची वाढवली?" त्यांनी मला खाली बसायला सांगितलं.

बाहेर आल्यावर सादिर म्हणाला, "मी सैन्यात होतो, मला विचारा. कैदी म्हणजे काही छत्री नाही, विसरून राहायला. आणला नाही याचा अर्थ त्यांच्याकडे नाही. एर्मेक पळाला!" तेवढ्यात दोन पोलीस फटफटीवरून खिंडीकडे जाताना दिसले. मग काय, गावाला पुरावा मिळाला.

टेकडीवरचे बाबाही आले होते. फिर्यादीच्या बाकावर एकटेच बसले होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मीही नाही.

आई सध्या रोज पहाटे काहीबाही तळतात. मी रोज दुपारी घोड्यावरून वर ताश-बुलाककडे फिरायला जाते. हवा छान आहे. नाकातला श्वास गोठतो, पण छान आहे. यापेक्षा जास्त साहेबांनी विचारू नये.

असाल तिथे पाय कोरडे ठेवा.

तुमची बुरुल

---

तुरुंग, २९ जानेवारी

बुरुल,

अगं, मी तुरुंगातच आहे! जाणार कुठे? खिडकी एवढीशी आहे की माझं डोकं सोड, सादिरची अक्कलसुद्धा त्यातून सहज जाणार नाही. म्हणजे ती जाईल एखादवेळेस.

झालं ते असं. तारखेच्या दिवशी मला पहाटे उठवलं. सगळ्या कोठडीने मिळून मला सजवलं. एकाने आपला स्वच्छ सदरा दिला, दुसऱ्याने पाणी तापवून माझी दाढी केली. वरपक्षाची धांदल म्हण हवं तर. आवारात जाऊन उभा राहिलो. तिथे गाडी एकच, तारखा दोन तालुक्यांच्या, आणि डिझेल एका फेरीचं. पलीकडच्या तालुक्यात जाणारे चौघे होते, आपल्याकडे येणारा मी एकटा. चौघे गेले. मी गुळगुळीत दाढी घेऊन परत कोठडीत.

तारखेला आरोपी गेला नाही तर काय होतं, हे मला आता कळलं. काहीच होत नाही. पुढची तारीख पडते, कोठडी वाढते. आरोपीला कुणी विचारतही नाही की बाबा रे, तू का आला नाहीस. आणि तूसुद्धा मला विचारतेस, मी कुठे होतो म्हणून!

ओरोझबायच्या बाजूला कुणी बसलं नाही, ते बरं झालं. तू त्याचं नाव घेत नाहीस, कारण तो माझ्या वडिलांचा चुलतभाऊ आणि तू घरची सून. मी घेतो. ओरोझबाय, ओरोझबाय, ओरोझबाय! बायकोच्या वर्षश्राद्धाला एवढं मोठं जेवण घातलं, बोकडाचं धड पळवायचा खेळ ठेवला, बक्षिसाला घोडी लावली. धड मी रिंगणात टाकलं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण पंचांनी 'बरोबरी' म्हटलं आणि घोडी त्याच्याच दावणीला राहिली. म्हणून मी ती सोडून आणली. चोरून आणली नाही, गावभर सांगून आणली. चोर असं सांगतो का? तो म्हणतो, एक शब्द माफीचा बोल, फिर्याद मागे घेतो. मी नाही बोलणार. जिंकलेल्याने माफी मागायची?

तिलेक कसा आहे? दात किती आले? उभा राहतो का?

तुझा एर्मेक

आणि तू त्या ओरोझबायच्या उंबऱ्यावर जाऊ नकोस. सांगून ठेवतो.

*(खाली वेगळ्या अक्षरात)* आरोपी जागेवर आहे. मी स्वतः जाऊन पाहिला. भगिनीने निश्चिंत असावे. — जुमाशेव, पत्र तपासनीस.

---

सारी-काया, ६ फेब्रुवारी

तिलेकच्या बाबांना सलाम, आणि जुमाशेव साहेबांनाही, कारण ते आधी वाचतात.

तुम्ही तुरुंगात आहात हे ऐकून घरात आनंदीआनंद झाला. आईंनी शेजारणींना बोलावून सांगितलं, "माझा लेक तुरुंगातच आहे, देवाची कृपा!" शेजारणींचं मात्र तोंड पडलं. सादिरने त्यांना तुमच्या पळण्याची अशी रंगतदार हकिगत सांगितली होती की आता त्यांना खरं गोड लागेना. एक म्हणाली, "म्हणजे चीनकडे गेलाच नाही?" 

पण आमच्यापुढे नवाच घोळ उभा आहे. साहेब, आता सगळं सांगते, कारण लपवण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही पळालात असं धरून आईंनी ठरवलं की तुम्ही ताश-बुलाकच्या आपल्या हिवाळी खोपटात लपला असणार. म्हणून तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज शिदोरी नेऊन खोपटातल्या खुंटीला अडकवत होते. पहिल्या दिवशी बोरसोक, चरबीत तळलेले कणकेचे तुकडे, आणि आईंनी रात्रभर बसून विणलेले मोजे. मग घडीच्या पोळ्या. मग मांसाचा तुकडा. हाक मारायचं धाडस नव्हतं, कुणी पाळत ठेवली असली तर? गाठोडं अडकवायचं आणि परत फिरायचं.

आणि रोज गाठोडं रिकामं होत होतं! आई खुलल्या होत्या. "खातोय गं माझा!" म्हणायच्या. लांडगा म्हणावं तर लांडगा रुमालाची घडी घालत नाही. इथे रुमाल धुऊन, घडी घालून खुंटीवर. शिवाय रिकामा नाही. भांडं असो की रुमाल, रिकामा परत करत नाहीत ना, तशी त्यात दरवेळी कुरुतच्या चार गोळ्या बांधलेल्या. आई म्हणायच्या, "बघ, तिलेकसाठी ठेवतोय." पळालेल्या माणसाकडे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या आल्या कुठून, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता तुम्ही तर तिथे. मग आमच्या खोपटात बसून तुमची शिदोरी खातंय कोण?

आणखी एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्ही पळाला असलात तर हे वाचून परत आला असतात. तिलेक चालतो. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला खाली ठेवला, आणि दारातून तुम्ही येणार म्हणून सगळे दाराकडे बघत होते, तोही बघत होता. तो तसाच दाराकडे निघाला. पहिली पावलं टाकली आणि दारात बसला. दारात कुणी नव्हतं. मी हसलेही आणि रडलेही, दोन्ही मोठ्याने. शिपाई ओरडला.

आई म्हणतात, पोर चालायला लागलं की पायांना बांधून कापतात तो दोरा बापाच्या हजेरीशिवाय कापायचा नाही. दोरा कापल्याशिवाय पोराला धावू द्यायचं नाही, नाहीतर जन्मभर अडखळेल. म्हणून सध्या घरात कुणी ना कुणी त्याला उचलून फिरतं. तो जड झाला आहे आणि फार रागावलेला आहे. नौरोजच्या सणाला दोरा कापायचा, असं आईंनी जाहीर करून टाकलं आहे. तुम्ही कसे येणार, ते त्यांनी जाहीर केलेलं नाही.

बुरुल

---

तुरुंग, १३ फेब्रुवारी

बुरुल! बुरुल! बुरुल!

चालतो! पत्र वाचून मी ओरडलो तर पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं मारामारी झाली. मी म्हटलं, "पोरगा चालतो!" तो म्हणाला, "मग तू कशाला ओरडतोस?" पण मग तोही हसला. त्याची दोन आहेत. संध्याकाळी कोठडीत एकेक जण उठून आपापलं पोर पहिल्यांदा कसं चाललं ते करून दाखवत होता. एवढे दाढीवाले बाप्ये, डुगडुगत खाटेपासून दारापर्यंत. मला नक्कल करता येईना, मी पाहिलंच नव्हतं. मग मी सगळ्यांच्या पोरांसारखं थोडं थोडं चालून दाखवलं.

त्याला उचलू नका असं कसं सांगू? उचला. आईच्या गुडघ्यावर मात्र देऊ नका. सादिरला द्या, त्याची सैन्यातली ताकद कामी येऊ दे.

खोपटातल्या माणसाचं म्हणशील तर आम्ही सगळ्यांनी विचार केला. कोठडीत जाणते लोक आहेत, चोरीच्या बाबतीत तर फारच. सगळ्यांचं मत पडलं की हा चोर नाही. चोर रुमाल धूत नाही. कुणी एकटा पडलेला आहे, थंडीत आडोसा बघत आला असेल. तर मी काय म्हणतो, शिदोरी बंद करू नकोस. माझ्या छपराखाली बसून जो माझ्या आईच्या हातचं खातो तो माझा पाहुणा. तो कोण, कुठला, माझा मित्र की वैरी, मी विचारणार नाही. त्याच्या अंगी लागो. हे माझे शब्द आहेत आणि एर्मेक आपले शब्द गिळत नाही, हे तू जाणतेस. पुढच्या खेपेला मेंढीच्या शेपटाची चरबीही घाल. बिचारा गारठला असेल.

ओरोझबायची घोडी कशी आहे? गाभण होती. मी विचारतोय ते घोडीचं, त्याचं नाही.

तुझा, चालणाऱ्या पोराचा बाप,
एर्मेक

*(खाली)* भगिनी, नियमाप्रमाणे मी असे विचारू नये. पण तो कोण, हे कळल्यास कळवावे. दोन रात्री झोप नाही. — जुमाशेव.

---

सारी-काया, १९ फेब्रुवारी

तिलेकच्या बाबांना सलाम.

तुमच्या सांगण्याप्रमाणे शिदोरी चालू आहे. शेपटाची चरबी घातली. चाटूनपुसून गेली. तुमचा पाहुणा खुशीत आहे. तो कोण, ते अजून कळलेलं नाही.

दोन मार्चच्या तारखेचं म्हणाल, तर या वेळी आम्ही कुणावर विसंबणार नाही. सादिरने गावात झोळी फिरवली. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने तांब्याभर डिझेल दिलं, ज्याच्याकडे नाही त्याने मागून आणून दिलं. दोन डबे भरले. सादिर ते तुरुंगाच्या फाटकावर पोचते करणार आहे. आपल्याच माणसाला बेड्या घालून आणायला आपलंच डिझेल! आई म्हणतात, असली वर्गणी त्यांनी आयुष्यात दिली नव्हती. सादिर आता सगळ्यांना सांगतो की तुम्ही पळाला नव्हतात हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

तिलेकला परवा मी पाठीवरून उतरवला तर तो थेट कोंबड्यांमागे लागला. आईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी पाहिलं नाही, म्हणजे तो धावला नाही.

तब्येत जपा. दाढी करा.

बुरुल

*जुमाशेव साहेब, इथून खाली कृपा करून कात्री लावा. पुढचं तुमच्यासाठी आहे.*

साहेब, तुम्हाला झोप नाही म्हणून सांगते. तो कोण, ते आम्हाला परवा कळलं.

आईंनी त्या रुमालातली कुरुतची गोळी सहज तोंडात टाकली आणि चघळता चघळता थांबल्या. म्हणाल्या, "बुरुल, ही काल्बूबूच्या हातची आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काल्बूबू म्हणजे टेकडीवरच्या बाबांची बायको, जिच्या वर्षश्राद्धात तो घोडीचा तमाशा झाला. कुरुत वाळत घालताना ती खाली आर्चाच्या सुवासिक फांद्यांचा धूर करायची, आणि मीठ सगळ्यांपेक्षा जरा चढं. आमच्या भागात तसं दुसरं कुणी करत नाही. ती जाऊन दीड वर्ष होत आलं. म्हणजे बाबांकडे तिच्या हातची शेवटची पिशवी उरली असणार, आणि त्यातलं ते आम्हाला बांधून देत होते.

त्यांचे घोडे आमच्या खोपटाजवळच चरतात. दुपारी वाऱ्यापासून आडोशाला येत असतील, आणि खुंटीला गाठोडं दिसलं. त्यांना काय वाटलं असेल, सांगा? एर्मेकच्या घरचे तोंडाने बोलू शकत नाहीत म्हणून भाकरी पाठवतात, असंच. फिर्याद झाल्यापासून गावात तळण होतं तेव्हा कुणाचंही ताट टेकडीवर जात नाही. दोन्ही मुलं रशियात. आम्ही फरारी माणसाला लपवतोय असं समजत होतो, आणि ते, आम्ही त्यांची माफी मागतोय असं समजत होते.

मी म्हटलं, "आई, जाऊन सांगू का की ते तुमच्यासाठी नव्हतं?" आईंनी पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "उद्या कणीक जास्त मळ."

आमच्या ह्यांना हे कळलं तर ते तिकडून गजांना डोकं आपटतील. 'मी मरेन पण त्याच्यापुढे वाकणार नाही,' असं म्हणतील आणि तारखेला तसंच बोलून दोन वर्षं ओढवून घेतील. ते माझं ऐकत नाहीत. पण स्वतःचा शब्द त्यांनी आजवर मोडलेला नाही. आणि तो शब्द माझ्याकडे त्यांच्याच अक्षरात आहे, वर तुमचा शिक्का आहे. तारखेला जाताना मी ते पत्र कोटाच्या आत ठेवणार आहे. तोवर त्यांना काही कळू देऊ नका.

---

तुरुंग, २५ फेब्रुवारी

बुरुल,

तू लिहिलंस तरी काय? तुझं पत्र खालून कापून आलं! कडेला तुझ्या अक्षरांची टोकं दिसतात, बाकी साफ. कोठडीत कुणाचंच पत्र आजवर असं कापलेलं नाही, मला आता फार मान आहे. एक म्हणतो, तिने सुटकेचा नकाशा काढला असेल. दुसरा म्हणतो, बायकोने प्रेमाचं काही लिहिलं असेल, साहेब अविवाहित आहेत. मी जुमाशेव साहेबांना विचारलं, तर ते छताकडे बघत राहिले.

थट्टा पुरे. आज तुला एक सांगतो. त्या दिवशी मी दाढी करून परत आलो ना, तेव्हा कोठडीत सगळे हसले, मीही हसलो. मग भिंतीकडे तोंड करून पडलो ते दुसऱ्या दिवसापर्यंत उठलो नाही. तुम्ही सगळे तिथे बसला असाल, आईने पांढरा रुमाल बांधला असेल, हे मला दिसत होतं. आणि मी नव्हतो. मला भीती वाटते, बुरुल. दोन मार्चला गाडी आली आणि तरीही मी घरी आलो नाही तर? दोरा वाट बघेल, पण पोर किती दिवस बघेल? तो मोठा होऊन धावत सुटेल आणि मला ओळखणार नाही.

मला घोडी नको. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. पण सगळ्या गावाने पाहिलेलं भांडण आहे, आता तोंड उघडायचं कुठून, ते मला उमगत नाही. म्हातारा एक पाऊल पुढे आला तर मी दोन येईन. पण तो कशाला येतोय.

पाहुण्याला नीट खायला घाल.

एर्मेक

*(खाली)* जप्त केलेला भाग नियमानुसार माझ्या ताब्यात आहे. डिझेलचे दोन डबे मिळाले, चालकाला स्वतः सांगितले आहे. आरोपी तारखेला पोचेल. भगिनी, पुढे काय झाले ते कळण्याचा मला अधिकार नाही. तरी कळवावे. — जुमाशेव.

---

सारी-काया, २४ मार्च

जुमाशेव साहेबांना बुरुलचा सलाम.

तुमच्या त्या शेवटच्या ओळी वाचून आई म्हणाल्या, "या माणसाला अर्ध्यावर सोडलंस तर पाप लागेल." म्हणून सगळं सविस्तर लिहिते. हे पत्र तुमच्या नावाचं आहे, तेव्हा आधी दुसरं कुणी वाचणार नाही असं धरते.

दोन मार्चला गाडी आली. तुमच्या कैद्याला पिंजऱ्यात उभं केलं. दाढी केलेली, सदरा दुसऱ्याचा, बाह्या आखूड. तिलेकने हात पुढे केले आणि सगळ्या कोर्टात ऐकू जाईल असा ओरडला. न्यायाधीशबाईंनी या वेळी कुणाला गप्प केलं नाही.

मला साक्षीला बोलावलं. बाईंनी विचारलं, "फिर्यादीचं नाव सांगा." मी म्हटलं, "सांगू शकत नाही." "ओळखत नाही का?" "ओळखते, पण सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव कसं घेऊ?" बाई स्वतः कुणाचीतरी सून असणार. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "तूच लिही."

मग बाबा उठले. त्यांना विचारलं, "तुमचं म्हणणं काय?" ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "माझं म्हणणं होतं. आता नाही. तारीख हुकली तेव्हापासून मी या घरची भाकरी खातोय. रोज खाल्ली. खाल्ल्या मिठाला जागायचं तर या घराविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. त्यांनी माझी माफी मागितली आणि मी ती पोटभर खाल्ली आहे. फिर्याद परत घ्या."

पिंजऱ्यातून आमचे गरजले, "कोणी माफी मागितली? मी नाही मागितली! कसली भाकरी?" साहेब, बाईंनी पेन उचललं होतं. मी कोटातून पत्र काढलं आणि पिंजऱ्याजवळ जाऊन मोठ्याने वाचलं, "माझ्या छपराखाली बसून जो माझ्या आईच्या हातचं खातो तो माझा पाहुणा. माझा मित्र की वैरी, मी विचारणार नाही. त्याच्या अंगी लागो." आणि म्हटलं, "हे तुमचं अक्षर. हा तुरुंगाचा शिक्का. आता गिळा आपले शब्द, सगळं गाव बसलंय बघायला!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाबांकडे. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसनुसा, मग ते हसायला लागले. पिंजऱ्याचे गज धरून हसले. म्हणाले, "काका, चरबी कशी होती?" बाबा म्हणाले, "जरा कमीच होती." मग आमचे हळू आवाजात म्हणाले, "घोडी सोडून आणली ते चुकलं, काका. श्राद्धाचा दिवस होता. मी आंधळा झालो होतो." हे ऐकायला आई तिथे होत्या. त्या पांढऱ्या रुमालात तोंड घालून रडल्या. बाईंनी तडजोड लिहून घेतली आणि प्रकरण बंद केलं. सादिर म्हणतो, हे सगळं होणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

नौरोजला तिलेकचा दोरा कापला. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पीळ आईंनी स्वतः वळला, त्याच्या पायांना बांधला आणि त्याला अंगणाच्या टोकाला उभा केला. शर्यत लागली. जो पहिला येईल त्याने दोरा कापायचा. बापाने धावायचं नसतं, पण आमच्यांना कोण अडवणार? पोरंटोरं धावली, सादिर धावला, आणि सगळ्यांच्या मागे बाबाही निघाले, एक हात कमरेवर ठेवून. साहेब, आमचे सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. आणि त्यांच्या पायात एकदम काहीतरी रुतलं. ते थांबले, बूट काढून झटकत बसले. ते बसले म्हणून सादिर बसला. पोरांनी मोठ्यांकडे पाहून वेग कमी केला. सगळ्या अंगणात जो तो आपापले बूट झटकत होता आणि मधून बाबा धापा टाकत पुढे गेले. बरोबरीचा निकाल मान्य नाही म्हणून कोठडीत जाऊन बसलेला हा माणूस! मी त्या क्षणी त्यांच्यावर जेवढी खूश झाले तेवढी लग्नातही झाले नव्हते.

बाबांनी सुरीने दोरा कापला. तिलेक सुटला तो थेट बापाकडे. अडखळला नाही. या वेळी समोर माणूस होता. बाबांनी जाहीर केलं की घोडीला जे शिंगरू होईल ते तिलेकचं.

आता साहेब, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते.

जेवणं झाल्यावर बाबा ओट्यावर बसून बूट काढत होते. मी हात धुवायला पाणी घेऊन गेले. त्यांच्या पायात राखाडी लोकरीचे मोजे होते, टाच घोट्याच्याही वर आलेली, पुढचा भाग दुमडून आत खोचलेला. मी ओळखले. पहिल्या दिवशी बोरसोकबरोबर जे मोजे पाठवले होते ते हेच. आमच्यांचा पाय म्हणजे होडी आहे, तुम्ही पाहिलाच असेल. बाबांचा पाय पोरासारखा.

ते माझी नजर बघत होते. हळूच म्हणाले, "सूनबाई, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. असला मोजा या पंचक्रोशीत एकाच पायाला होतो. ती शिदोरी माझी नव्हती. माफी नव्हती, काही नव्हतं. पोरगा पळाला असं तुम्हाला वाटत होतं, आणि तो तर तिकडे बसलाय हे मला माहीत होतं. कोर्टातून मी शेवटी निघालो, तोवर फोन लागला होता, कारकुनाने मला गाडीचं सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मग खाल्लीत का?"

ते म्हणाले, "काल्बूबू गेल्यापासून बाईच्या हाताने मारलेली गाठ मी सोडली नव्हती. सोडली. मग वाटलं, परत बांधून ठेवावं. तेवढ्यात वास आला. चोरीची फिर्याद मी लावली आणि चोरी मीच केली. रोज केली. कोर्टात तुमची माफी खाल्ली म्हणालो, तेही खोटं. पण दुसरा रस्ता मलाही सापडत नव्हता. त्या उर्मटाला सांगू नकोस."

मी पाणी ओतलं. त्यांनी हात धुतले. मी मोज्यांची टोकं आत नीट खोचून दिली आणि म्हटलं, "पुढचा जोड तुमच्या मापाचा विणायला सांगते."

आमचे या क्षणी अंगणात आहेत. तिलेक कोंबड्यांमागे आणि ते तिलेकमागे. त्यांना वाटतं, बाबांनी भोळेपणाने भाकरी खाल्ली. बाबांना वाटतं, मी हे पोटात ठेवीन. मी ठेवीन, पण एकटीच्या पोटात ते मावेना. तुम्ही आमचं सगळं वाचलं आहे, म्हणून हेही तुमच्याकडे देते. आता तुमच्या कायद्यात बाबांचं काय करायचं असतं, ते तुम्हीच बघा.

बरोबर थोडं कुरुत पाठवते. काल्बूबूच्या हातचं आहे. बाबांनी स्वतः बांधून दिलं.

बुरुल

---

तुरुंग, २ एप्रिल

भगिनी बुरुल यांस,

अकरा वर्षांत या टेबलावर माझ्या नावाचे पत्र प्रथमच आले. नियमानुसार ते तपासणे माझे काम. तपासले. दोनदा तपासले.

तुमचा रुमाल सोबत परत करत आहे. रिकामा पाठवू नये म्हणून त्यात कोठडीतल्या लोकांनी पावाच्या लगद्याचा केलेला एक छोटा घोडा ठेवला आहे, तिलेकसाठी. चावू देऊ नये, दगडासारखा आहे.

कुरुत खारट आहे. फार चांगले आहे.

तुम्ही शेवटी कळवलेल्या बाबीची मी सखोल चौकशी केली. तीत कोणताही गुन्हा आढळला नाही.

— जुमाशेव, पत्र तपासनीस